मुंबईत घरासाठी इंटरनेट घेताना: आधी जिन्यातली वायर बघा, मग कंपनी

‘कुठलं नेट चांगलं?’ हा प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर सतत येत असतो आणि पाच माणसं त्याला पाच उत्तरं देतात. गंमत म्हणजे पाचही खरी असतात. एकच कंपनी दादरच्या एका इमारतीत वर्षभर बिनतक्रार चालते आणि दोन गल्ल्या सोडून तिचं नाव काढलं तरी लोक चिडतात. मुंबईला इंटरनेटचा तुटवडा नाही. समुद्राखालून येणाऱ्या कितीतरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात आणि देशातली मोठी एक्स्चेंजही, म्हणजे कंपन्यांची नेटवर्क एकमेकांना जोडणारी केंद्रं, याच शहरात आहेत. घोडं अडतं ते नाक्यावरच्या खांबापासून तुमच्या दारापर्यंत. तेवढा टप्पा कोण सांभाळतो आणि लाईन पडली की किती तासांत माणूस येतो, यावर सगळं ठरतं.

म्हणून माझं म्हणणं असं: कंपनी इमारत बघून निवडा, आणि वायफायचा राऊटर मात्र स्वतःचा ठेवा. म्हणजे उद्या कंपनी बदलावी लागली तरी घरातलं काही हलत नाही.

इमारतीची पाहणी

जाहिराती बाजूला ठेवा आणि एकदा तळमजल्यावरच्या डक्टपासून (वायरी वर नेण्याच्या उभ्या जागेपासून) गच्चीपर्यंत चालत जा. जिन्यात, मीटर रूमजवळ, गच्चीच्या दाराशी छोटे डबे दिसतील. त्यांवर कंपनीचं किंवा केबलवाल्याचं नाव असतं. ज्याचा डबा आधीच लागलेला आहे त्याचं कनेक्शन एका दिवसात मिळतं. ज्याचा नाही, तो ‘दोन दिवसांत करतो’ म्हणेल आणि सोसायटीच्या परवानगीत महिना जाईल. पावसाळ्यात तर रस्ता खोदायला महापालिका सहसा परवानगीच देत नाही, त्यामुळे जूनमध्ये ‘नवीन लाईन टाकतोय’ असं कोणी सांगितलं तर दिवाळीचा हिशोब धरा.

मग वायर कुठली ते बघा. साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला, फायबर (प्रकाशातून नेट वाहणारी काचेची तार) थेट घरात. बारीक काळी किंवा पांढरी चपटी केबल आणि टोकाला बहुधा हिरवा कनेक्टर. हा प्रकार असेल तर डोळे झाकून तोच घ्या. याचं एक कारण फार कमी लोक सांगतात: या पद्धतीत इमारतीत एक फायबर अनेक घरांत वाटणारा जो स्प्लिटर बसतो, त्याला वीज लागत नाही. जिन्यातले दिवे गेले तरी प्रकाश वाहत राहतो.

दुसरा, फायबर गच्चीपर्यंत आणि तिथून खाली निळी किंवा राखाडी लॅनची केबल. स्थानिक ऑपरेटरांकडे हे अजून सर्रास दिसतं. गच्चीवरच्या स्विचला वीज लागते आणि ती गेली की अख्ख्या विंगचं नेट जातं. शिवाय अशा केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, पण घाईत टोकाला कनेक्टर बसवणारा पोरगा दोनच जोडतो. दोन जोड्यांवर १०० एमबीपीएसच्या वर काहीही जात नाही, मग प्लॅन ३०० चा का असेना. कनेक्टर पारदर्शक असतो. आत आठ रंगीत तारा दिसतायत का, हे मोजायला अर्धा मिनिट पुरतो.

तिसरा, टीव्हीची जाड गोल केबल आणि केबल मोडेम. डाउनलोड ठीक मिळतं, अपलोड बहुधा तुटपुंजं. दुसरं काही मिळतच नसेल तर घ्या.

चौथा, एअरफायबर, म्हणजे खिडकीबाहेर किंवा गच्चीवर अँटेना आणि ५जीवरून नेट. सोसायटी वायर ओढू देत नसेल, पुनर्विकासामुळे वर्ष-दोन वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतील, तर हा पर्याय चांगला आहे. पण मोबाइल टॉवरवरचा भार संध्याकाळी वाढतो तसा वेग खालीवर होतो आणि डेटाची मर्यादाही फायबरपेक्षा कमी असते. ऑनलाईन गेम खेळणारा किंवा दिवसभर कॉलवर बसणारा कोणी घरात असेल तर फायबरच बघा.

नव्या उंच इमारतींत वेगळंच दुखणं असतं: बिल्डरने एकाच कंपनीशी संधान बांधलेलं असतं आणि दुसऱ्याला डक्टमध्ये पाय ठेवू देत नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी मानांकन देण्याचे नियम काढले. सोसायटीच्या सभेत दुसऱ्या कंपनीचा विषय मांडताना त्यांचा दाखला द्यायला हरकत नाही.

पाहणी झाली की शेजाऱ्यांना विचारा, पण ‘कसं आहे?’ असं नको. शेवटचं नेट कधी गेलं आणि किती तासांनी आलं? रात्री दहाला व्हिडिओ अडकतो का? तक्रार केली की कोण येतो, आणि त्याचा नंबर आहे का? तिसऱ्या प्रश्नाला जो शेजारी लगेच फोन काढून नंबर दाखवतो, त्याचं कनेक्शन घ्या. आणि विचारायचं ते आपल्याच विंगमध्ये. ‘बी’ विंगचा अनुभव ‘ए’ विंगला लागू पडेलच असं नाही.

वेग किती घ्यावा

लोक गरजेपेक्षा जास्त घेतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. फोर-के सिनेमाला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेत असं सांगतं, एचडीला ५. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार लागतात. दोघं घरून काम करणारे, एक कॉलेजातली मुलगी, आजोबांचा टीव्ही, एवढ्या घराला १०० भरपूर झालं. २००–३०० घ्यावं ते मोठ्या फाइल रोज चढवणाऱ्याने. त्याने अपलोडचा आकडा वेगळा विचारून घ्यावा, कारण जाहिरातीतला आकडा नेहमी डाउनलोडचा असतो.

प्लॅनमधली बारीक अक्षरं

जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी चढतो. ६९९ चा प्लॅन हातात येईपर्यंत ८२५ चा होतो. ‘अनलिमिटेड’ला बहुतेक मोठ्या कंपन्यांची महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती घरगुती वापरात सहसा संपत नाही, पण स्थानिक ऑपरेटरकडे ती किती आणि संपल्यावर वेग किती उरतो, हे विचारा.

ओटीटीच्या गठ्ठ्याला भुलू नका. ज्या ॲपचे पैसे तुम्ही नाहीतरी भरत होता, तेवढ्यांचीच किंमत वजा करा.

भाड्याने राहात असाल तर ११ महिन्यांचा करार डोळ्यांसमोर ठेवा. वर्षभराचे पैसे भरले की एक-दोन महिने मोफत देतात, पण घर सुटलं तर उरलेले पैसे परत मिळवणं म्हणजे चपला झिजवणं. पहिले तीन महिने महिन्याच्या बोलीवर घ्या, एक पावसाळी आठवडा जाऊ द्या, मग सहा महिन्यांचे भरा.

एक प्रश्न तांत्रिक वाटेल, पण गावच्या घरातून मुंबईचा सीसीटीव्ही बघायचा असेल किंवा ऑफिसला ठरावीक आयपी (नेटवरचा पत्ता) द्यावा लागत असेल तर विचाराच: ‘पब्लिक आयपी मिळतो का, स्टॅटिकचे (न बदलणाऱ्याचे) किती घेता?’ बहुतेक घरगुती कनेक्शनांत शेकडो ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून दिलेला असतो. नेट चालतं, पण बाहेरून थेट तुमच्या घरच्या रेकॉर्डरपर्यंत पोचता येत नाही. क्लाउडवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना याने फरक पडत नाही.

डबा कोणाचा

एमटीएनएलच्या जुन्या ट्रायबँड ब्रॉडबँडच्या काळापासून आपण सगळ्यालाच मोडेम म्हणतो. फायबरच्या घरात कामं दोन आहेत, ती वेगळी धरली की खरेदी सोपी होते. ओएनटी किंवा ओएनयू फायबरमधला प्रकाश घेऊन त्याचं लॅनच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. राऊटर ते नेट घरभर वाटतो आणि वायफाय देतो. कंपन्या बहुधा दोन्ही कामं एकाच डब्यात घालून देतात.

मोठ्या कंपन्यांकडे ओएनटी स्वतःचा लावायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या यंत्रणेत डब्याचा सीरियल नंबर नोंदवलेला असतो. बाजारातून आणलेला डबा लावलात तर दिवा हिरवा होणारच नाही. त्यांचा डबा राहू द्या, त्यावर येणारा टीव्ही आणि लँडलाईनही तिथेच राहू द्या, आणि त्याच्या लॅन पोर्टला आपला राऊटर जोडा.

स्थानिक ऑपरेटरची गोष्ट उलटी आहे. तो पुष्कळदा ओएनयू तुम्हालाच विकत घ्यायला सांगतो, किंवा दोन हजार घेऊन स्वतःकडचा जुनापाना देतो. तिथे आधी विचारा, ‘लाईन जीपॉन आहे की ईपॉन?’ फायबरवर नेट वाटायच्या या दोन पद्धती आहेत, एकीचा डबा दुसरीवर चालत नाही. ‘एक्सपॉन’ लिहिलेले डबे दोन्हींवर चालतात, म्हणून ऑपरेटर बदलायची शक्यता असेल तर तेच घ्या. घेण्याआधी मॉडेल व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हे रजिस्टर करून द्याल ना?’ असं लेखी विचारा. तोंडी होकार लाईन जोडायच्या दिवशी विसरला जातो. माझा सल्ला, ओएनयू साधा एका पोर्टचा घ्या आणि पैसे राऊटरवर खर्च करा. ओएनयूचं अंगचं वायफाय असून नसल्यासारखं असतं.

राऊटर घेताना

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करून आधी पोर्ट बघा. एसी१२०० असं लिहिलेले कितीतरी स्वस्त राऊटर असे आहेत, की वायफाय कागदावर १२०० चं आणि मागचे पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचे. नेट त्या पोर्टातूनच आत येणार, म्हणजे २०० चा प्लॅन घेऊनही ९५ च्या आसपास मिळणार. खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द नसेल किंवा ‘१०/१००’ असेल तर ठेवून द्या. आणि तो बाराशेचा आकडाही वायफायच्या दोन पट्ट्यांच्या बेरजेचा, गोल केलेला असतो: २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. एकाच मोबाइलला दोन्ही एकदम मिळत नाहीत.

आज घेत असाल तर वायफाय ६ घ्या, म्हणजे नावात एएक्स. वन बीएचकेला एएक्स१५०० पुरे, टू बीएचकेला एएक्स३०००. अँटेना चार की सहा यावरून काही ठरत नाही. तो देखावा जास्त. डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा असावी, आणि कंपनी फर्मवेअरचे (राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट देत असावी. टीपी-लिंक, डी-लिंक, आसुस ही नेहमीची नावं. पण नावापेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर मुंबईत कुठे, हे आधी बघा.

खरेदी ऑनलाईन करा किंवा लॅमिंग्टन रोडला जा. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. तिथला फायदा म्हणजे दुकानदार खोकं उघडून पोर्ट दाखवतो. तोटा म्हणजे ‘बिलाशिवाय दोनशे कमी’ हा मोह. जीएसटीचं बिल घ्या आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच लागतो. दुसऱ्या देशासाठी बनलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी इथे बहुधा चालत नाही.

घर किती मोठं, यापेक्षा भिंती कशा, हे महत्त्वाचं. गिरगावातल्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला दोन खोल्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत. उलट चाळीतल्या दोन खोल्यांना साधा राऊटरही पुरून उरतो. लांबट घरात टोकाच्या बेडरूमला रेंज येत नसेल तर रिपीटरवर पैसे घालवू नका, बहुतेक रिपीटर वेग निम्म्यावर आणतात. मेश, म्हणजे एकाच नावाने मिळून चालणारे दोन-तीन डबे, घ्या, आणि जमलं तर दोन डब्यांमध्ये लॅनची कॅट ६ केबल टाका. रंगकाम निघालं असेल तर तेव्हाच पाईपमधून केबल ओढून घ्या, ही संधी पुन्हा पाच-सात वर्षांनी येते.

लाईन जोडायच्या दिवशी

वायरमनला घाई असते, तुम्हाला नसावी. राऊटर कुठे बसवायचा ते आदल्या दिवशी ठरवा: घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीला, शेजारी प्लगचा पॉइंट. टीव्ही युनिटच्या कप्प्यात नको. फ्रिज, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे तर नकोच.

केबल आणताना सेफ्टी डोअरच्या बिजागरीतून नेऊ देऊ नका. आमच्या मजल्यावर एका घरी नेट रोज संध्याकाळी जायचं आणि सकाळी आपोआप यायचं. लाईनमनने फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावला: वजा एकोणतीस (वजा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). ‘काका, दार उघडा बघू,’ म्हणाला. दार उघडलं, आकडा वजा वीसवर. दिवसा दार उघडं असायचं, संध्याकाळी लावलं की बिजागरीत फायबर दबायचं. ओएनटीला साधारण वजा सत्तावीस डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो, त्याखाली लाल दिवा लागतो. म्हणून लाईनमन निघण्यापूर्वी त्याला मीटरवरचा आकडा विचारा, आणि दार लावून विचारा. वजा पंधरा ते वजा चोवीस असेल तर निश्चिंत. सव्वीस-सत्तावीस असेल तर आज चालेल, पहिल्या पावसात पडेल. जोड पुन्हा मारून घ्या.

मग लॅपटॉप केबलने जोडून वेग तपासा. वायफायवर मोजलेला वेग लाईनचा नव्हे, वायफायचा असतो. वायरमनसमोर प्लॅनइतका आकडा दिसला पाहिजे. हेच मोजमाप त्या आठवड्यात रात्री नऊ ते अकरामध्ये पुन्हा करा. शक्य तर आयपीएलची मॅच चालू असताना. ऑपरेटरकडच्या जीपॉनच्या एका पोर्टचे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि ऑपरेटरने पुढची लाईन किती जाड घेतलीय ते गर्दीच्या वेळीच कळतं.

लाईनमन जाण्यापूर्वी पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड भरून लाईन चालू करायची पद्धत, लागतो का विचारा. लागत असेल तर युजरनेम आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागून घ्या. स्वतःचा राऊटर लावताना हेच लागतं. कनेक्शन डीएचसीपीवर (आपोआप पत्ता मिळणारं) असेल तर नुसती केबल खुपसली की काम झालं.

आपला राऊटर जोडणं

कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून आपल्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) लावा. वॅनचा रंग बहुधा वेगळा असतो. मोबाइलवरून राऊटरच्या पानावर जा, पत्ता आणि पासवर्ड मागच्या लेबलवर असतो. पीपीपीओई असेल तर मिळालेली अक्षरं भरा. सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल तर ऑपरेटरला फोन करून ‘मॅक रिसेट करा’ म्हणा. मॅक म्हणजे प्रत्येक डब्याचा ओळख क्रमांक; पुष्कळांची यंत्रणा आधीच्या डब्याशी बांधलेली असते आणि नवा डबा ओळखत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते वाक्य माहीत नसलं तर माणूस दिवसभर केबल काढत-लावत बसतो.

कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर दोन्ही डबे एकमेकांवर ओरडत बसतील. शक्य असेल तर त्यांना ‘ब्रिज मोड’ करून द्यायला सांगा, म्हणजे त्यांचा डबा नुसतं नेट पुढे देतो आणि पत्ते वाटायचं काम दोन डबे करत नाहीत. नाही म्हणाले तरी रोजच्या वापरात अडत नाही.

आता मुख्य मेख: नव्या राऊटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच द्या. टीव्ही, कॅमेरा, आईचा मोबाइल, वॉशिंग मशीन, कशालाही पुन्हा जोडायला लागत नाही. पुढे कंपनी बदललीत तरी घरच्यांना पत्ता लागणार नाही.

२.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मुंबईतल्या कुठल्याही इमारतीत शेजारपाजारची वीस-तीस नावं दिसतात, तिथे ‘ऑटो’वर भरवसा नाही. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, स्मार्ट बल्ब आणि जुने कॅमेरे २.४ वर. ॲडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटणाने जोडायची सोय) बंद करा, फर्मवेअर अपडेट करून टाका.

वीज गेली तर

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसून मुंबईची वीज गेली आणि ऑनलाईन शाळा, ऑफिसं सगळं थांबलं. असे प्रसंग विरळ, पण पावसाळ्यात उपनगरांत तासा-दोन तास वीज जातेच. बहुतेक ओएनटी आणि राऊटर १२ व्होल्ट डीसीवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा राऊटर-यूपीएस मिळतो. दोन्ही ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचून, दोन पिना असलेला घ्या. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ देऊ नका. आणि लाईन गच्चीवरच्या स्विचमधून येत असेल, तर तिथे बॅकअप आहे का हे ऑपरेटरला विचारल्याशिवाय यूपीएसवर पैसे घालू नका.

नेट गेलं तर, आणि कंपनी सोडताना

फोन करण्याआधी दिवे बघा. ‘लॉस’चा लाल दिवा म्हणजे फायबर तुटलंय किंवा दबलंय. रीस्टार्ट करून काही होणार नाही, सरळ तसंच सांगा. दिवे हिरवे पण नेट संथ असेल तर लॅपटॉपवरून आधी राऊटरच्या पत्त्याला पिंग करा (उत्तर यायला किती वेळ लागतो ते ही आज्ञा दाखवते), मग १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याला. पहिल्यातच आकडे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा, कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. पहिला स्थिर आणि दुसरा उड्या मारतोय, तर लाईनचा.

तक्रार लाईनमनला केली तरी कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवरही नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं धरतात. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर मात्र मराठीतही बोलता येतं.

नवं कनेक्शन घेतलंत तर जुनं एकदम तोडू नका, नव्याचं रात्रीचं मोजमाप पटेपर्यंत आठवडाभर दोन्ही चालू द्या. नंतर बंद करण्याची विनंती लेखी करा. नुसतं बिल भरणं थांबवलं तर काही ठिकाणी थकबाकी चढत राहते. त्यांचा डबा परत देताना ॲडाप्टरसकट द्या, सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि नेणाऱ्या माणसाकडून पावती घ्या. पावतीपुस्तक नसेल तर त्याच्या नंबरवरून ‘डबा मिळाला’ एवढा मेसेज चालतो. डिपॉझिट किती दिवसांत खात्यात येईल ते त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या.